फळीवरून पडलेला वस्ताद

एकदा एक वस्ताद बर्फावर पडला. 'एकदा' आपले गोष्टीपुरते म्हणायचे. पडला तो सदतीस वेळा, आणि मोजले त्याने स्वतःच. पंचगंगेकाठच्या एका गावात त्याची तालीम होती. तीस वर्षे त्याने पोरांकडून जोर-बैठका काढून घेतल्या होत्या, त्यांना लाल मातीत लोळवले होते. 'मला पाडणारा अजून जन्मायचाय' हे वाक्य तर त्याने इतक्या वेळा ऐकवले होते, की गावातल्या शाळकरी मुलांनाही ते पाठ होते. शेवटी त्याला पाडायला माणूस लागलाच नाही. एक फळी पुरली.

त्याचे असे झाले. वस्तादाची एकुलती एक मुलगी शिकून अभियंता झाली आणि दूर हिमालयात रस्त्याच्या कामावर नोकरीला लागली. बापलेकीत भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. फोनवर 'जेवलीस का', 'जेवले', 'थंडी आहे का', 'आहे' एवढ्यावर संवाद आटपायचा आणि मग दोघेही फोन कोण ठेवतो याची वाट बघायचे. वस्तादाला हे फार सलत होते. साठी जवळ आली तसे त्याला वाटू लागले, की ही गाठ आता सुटली नाही तर तशीच राहील. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तालमीला आठ दिवस कुलूप लावून तो तिच्याकडे गेला.

तिथे त्याला कळले, की पोरगी सुट्टीच्या दिवशी दोन्ही पाय एका फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येते. स्नोबोर्डिंग म्हणतात त्याला. ते शिकवणारा एक वृद्ध त्याच वस्तीत राहत होता. तरुणपणी फौजेत मराठी जवानांच्या संगतीत राहिल्यामुळे त्याला मराठी चांगली येत होती. वस्तादाने विचार केला, लेकीशी बोलता येत नसेल, तर निदान तिच्याबरोबर घसरता तरी येईल. ती कामावर गेल्याची खात्री करून तो वृद्धाकडे गेला आणि फळीवर उभा राहिला. पुढचे वर सांगितलेच आहे.

पण पडण्याने माणूस तेवढा थकत नाही, जेवढा उठण्याने थकतो. पाय बांधलेले, खाली भुसभुशीत बर्फ, आणि सगळा भार हातांवर आणि कमरेवर घेऊन पुन्हा उभे राहायचे. त्या संध्याकाळी वस्तादाला काही जाणवले नाही. मुलीने चालण्याकडे जरा निरखून पाहिले तेव्हा तो म्हणाला, 'मला काय हुतंय? ठणठणीत हाय.' दुसऱ्या दिवशी मात्र डोळे उघडले आणि त्याच्या लक्षात आले, की पापण्यांखेरीज शरीरातले काहीच बिनतक्रार हलत नाही. मांड्या, पोटऱ्या, खांदे, बरगड्या, सगळे अंग धरले होते. मुलगी कामावर जाईपर्यंत तो पांघरुणात गप्प पडून राहिला.

आता तालमीत एक जुनी रीत आहे. पहिल्या दिवशी व्यायाम करून अंग धरले, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट करायचा. काट्याने काटा निघतो. वस्तादाला त्याच्या वस्तादाने हेच सांगितले होते आणि त्यानेही तीस वर्षे प्रत्येक नव्या पोराला हेच सांगितले. शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. तो भिंतीला धरून उठला, दंड थोपटले आणि दोनशे बैठकांचा संकल्प केला. नवव्या बैठकीला तो खाली गेला आणि खालीच राहिला. शिष्याची चौकशी करायला वृद्ध जिना चढून आला, तेव्हा वस्ताद जमिनीवर पाय पसरून, जणू मुद्दामच बसलो आहे अशा चेहऱ्याने बसला होता.

वृद्धाने काही न विचारता त्याच्यासमोर बसकण मारली आणि म्हणाला, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा."

वस्तादाने बोट पुढे केले, पण ते कुठे टेकवावे हे त्याला कळेना. शेवटी त्याने आख्खा तळवा मांडीवरून फिरवला, मग कमरेवरून, मग खांद्यावरून. वृद्धाने समाधानाने मान डोलावली. कुठे मोडले किंवा तुटले असते तर बोट नेमके तिथे गेले असते, तळवा फिरतो आहे म्हणजे स्नायूंची नुसती कुरकुर आहे, दोन-तीन दिवसांत निवळेल, असे त्याने सांगितले. आज फळी नाही आणि बैठका तर नाहीतच. फक्त जरा पाय मोकळे करायचे. एवढे बोलून त्याने वस्तादाला हात देऊन उठवले.

जिन्यापाशी आल्यावर वस्तादाची खरी परीक्षा झाली. ज्याच्या मांड्या धरल्या आहेत त्याला जिना चढता येतो, उतरता येत नाही. दोन पायऱ्या खाली तोंड करून उतरून पाहिल्यावर त्याने कठडा धरला, पाठ फिरवली आणि लहान मूल उतरते तसा तो उलटा उतरू लागला. वर पाहतो तो काय, वृद्धानेही पाठ फिरवली होती. ऐंशीच्या घरातला, काटक, रोज बकरीसारखा डोंगर चढणारा तो माणूस कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, 'आई गं' करत उलटा उतरत होता. रस्त्यावर वस्ताद पाय फाकून चालू लागला, तसा तोही चालू लागला. चहाच्या दुकानातल्या बाकावर वस्ताद दोन्ही हातांनी टेकू देत हळूहळू बसला, तसा तोही कण्हत बसला. दुकानदार गालातल्या गालात हसला आणि शेजारच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या.

वस्तादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गावात ज्याच्यासमोर कोणी मोठ्याने खोकत नसे, त्याची इथे भर रस्त्यात नक्कल होत होती. त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही वयानं मोठे, म्हणून ऐकून घेतलं," तो म्हणाला. "पण दुखणाऱ्या माणसाची अशी थट्टा करू नये."

"थट्टा नव्हे, वस्ताद," वृद्ध शांतपणे म्हणाला. "मी खाली उभा राहून 'या, या' म्हणालो असतो, तर मला दाखवण्यासाठी तुम्ही सरळ उतरला असता आणि गडगडला असता. पहिल्या दिवसाचं हे दुखणं फार मोठं नसतं. पण त्यात माणूस एकटा पडला, की एक तर अंथरूण धरतो, नाही तर रागाने दुप्पट कष्ट करतो. दोन्हींनी अंग जास्तच धरतं. कोणी त्याच्या चालीने बरोबर चाललं, की त्याला लाज वाटत नाही आणि तो हळू चालतो. हळू चालणं हेच यावरचं औषध. कोमट पाणी, हलक्या हाताची मालिश, झोप, हे सगळं त्याच्या मागून येतं."

वस्तादाने पेला पुन्हा उचलला. वृद्धाने चहाचा घोट घेतला आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "तुमची मुलगी माझ्याकडे शिकायला आली, तेव्हाही मी हेच केलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ती दार लावून बैठका काढत होती. रडत होती आणि काढत होती. हे कोणी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाली, आमच्या घरची रीत आहे."

वस्तादाच्या हातातला पेला तसाच राहिला. त्याला तालमीतली एक सकाळ आठवली, जी तो कधी विसरलाच नव्हता, फक्त त्याने ती चुकीची लक्षात ठेवली होती. तेरा वर्षांची पोर हट्ट करून मातीत उतरली होती. पहिल्या दिवशी पन्नास बैठका काढल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत आली, तेव्हा पोरे फिदीफिदी हसली आणि त्याने सगळ्यांदेखत सांगितले, 'अंग धरलंय ना? मग आज शंभर.' तिने मुकाट्याने शंभर काढल्या. तिसऱ्या दिवशी ती आली नाही आणि त्यानेही विचारले नाही. 'पोरीला तालीम मानवली नाही,' असे तो पुढे बारा वर्षे सांगत राहिला. ज्याचे जळते त्यालाच कळते हे खरे, पण वस्तादाला कळायला स्वतःचे अंग जळावे लागले, याची त्याला त्या बाकावर बसल्या बसल्या मनस्वी लाज वाटली. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. वृद्ध शेजारी नुसता बसून राहिला.

संध्याकाळी मुलगी घरी आली. वडील खुर्चीत बसलेले पाहून तिने नेहमीसारखे विचारले, "बरे आहात ना आप्पा?"

'ठणठणीत' हा शब्द वस्तादाच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला.

"न्हाई पोरी," तो म्हणाला. "काल तुझ्या म्हाताऱ्याकडं फळीवर गेलो हुतो. लई पडलो. आता खुर्चीतनं उठाय येत न्हाई. हात दे जरा."

तिने हातातला जेवणाचा डबा तसाच खाली ठेवला आणि हात दिला. उभा राहिल्यावरही त्याने तिचा हात सोडला नाही.

"तालमीत दुसऱ्या दिवशी तुझंबी असंच दुखलं असंल न्हवं?"

 मुलगी म्हणाली, "घरी आल्यावर माडीवर जाता आलं, पण खाली उतरता येईना. बसून बसून उतरले, आप्पा. एकेक पायरी."

"मी तितं पायजे हुतो," वस्ताद म्हणाला. "चुकलं माझं."

तिने त्याला पुन्हा खुर्चीत बसवले. तिने पाणी कोमट केले, बादलीत मूठभर मीठ टाकले आणि त्याचे पाय त्यात ठेवले. मग स्वतःच खाली बसून त्याच्या पोटऱ्यांवरून हलक्या हाताने तेल चोळू लागली. चोळता चोळता ती बोलू लागली. आधी रस्त्याच्या कामाचे, मग वरिष्ठांचे, मग फळीवरून ती स्वतः किती वेळा पडली त्याचे. वस्ताद ऐकत होता. बादलीतले पाणी निवले तरी दोघांपैकी कोणी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली आणि दोघे बाजारापर्यंत पायी जाऊन आले. दहा मिनिटांची वाट. त्यांना जायला-यायला दोन तास लागले, आणि तेही दोघांना कमीच वाटले.