आईची शेवटची गोधडी

एका गावाबाहेरच्या टेकडीवर दाट राई होती, आणि ती राई म्हणजेच त्या गावाचं स्मशान. तिथे ना चिता पेटायची, ना दगड उभा राहायचा. माणूस म्हातारं झालं की घरोघर जाऊन जुन्या कापडाचा एकेक तुकडा मागायचं आणि आपली शेवटची गोधडी शिवायचं. मेल्यावर त्या गोधडीत गुंडाळून त्याला मातीत ठेवायचे आणि वर त्याच्या आवडीचं रोप लावायचे. पोरं राईत जांभळं खाताना म्हणायची, "ही लोहारआजोबांची. गोड आहेत." आजोबा हयातीत तसे फटकळच होते, पण ते असो.

त्या गावातला एक जण शहरात जाऊन मोठा व्यापारी झाला. गावी राहिलेल्या त्याच्या आईने आपली गोधडी शिवून फडताळात ठेवली होती. "मला हिच्यातच न्या रे," ती मुलाला म्हणाली. "आणि वर चिंच लाव. नातीला आवडते." मुलगा हो म्हणाला.

आई गेली, तेव्हा त्याच्यासोबत शहरातले बडे लोकही आले. फडताळ उघडलं तर गोधडीवर कुणाच्या धोतराचा तुकडा, कुणाच्या विटक्या लुगड्याचा. ह्या चिंध्यांत आई पाहिली तर लोक काय म्हणतील, ह्या विचाराने त्याचे कान तापले. त्याने गोधडी आपल्या ट्रंकेत कोंबली आणि कुलूप लावलं.

"बाळा, आईची गोधडी कुठंय?" शेजारच्या काकूने विचारलं.

"सापडत नाही, काकू."

मग गावातल्या बायका शोधायला लागल्या. त्यांनी उतरंडी हलवल्या, माळा झाडला, गोठ्यातला कडबासुद्धा उपसला. तो ट्रंकेपाशी किल्ली मुठीत धरून नुसता उभा होता. शेवटी प्रत्येकीने आपल्या पदराची चिंधी फाडली आणि आईच्या हातात दिली. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. त्याने मान खाली घातली, पण कबूल काही केलं नाही.

आईला रेशमात गुंडाळलं, शिसवी पेटीत ठेवलं आणि वर घडीव दगडांचा चबुतरा बांधला. तिथे गवतसुद्धा उगवलं नाही.

काही वर्षांनी तो लेकीला घेऊन गावी आला. ती पोरांबरोबर राईत हुंदडून आली आणि बापाजवळ बसली.

"बाबा, सगळ्यांच्या आजीचं झाड आहे. माझ्या आजीचं कुठलं?"

"आजी त्या मोठ्या चबुतऱ्याखाली आहे."

"मग ती काय देते?"

तो उठला आणि घरात अजून कुलूपबंद पडलेल्या त्या ट्रंकेसमोर जाऊन बसला.

सकाळी ट्रंकेतली गोधडी काढून तो काकूच्या ओसरीवर गेला आणि ती तिच्यापुढे ठेवली. "काकू, ही हरवली नव्हती. मीच लपवली होती. मला लाज वाटली."

काकूने गोधडी मांडीवर घेतली आणि आपल्या लुगड्याच्या तुकड्यावरून बोटं फिरवली. "ठाऊक होतं रे," ती म्हणाली. "सगळ्यांनाच ठाऊक होतं. सारं घर उपसलं, पण तू ट्रंकेपासून हलत नव्हतास."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुझी आई समोर निजली होती. तिच्यादेखत तुला खोटं कसं पाडायचं?"

गावाने आपल्याला हसू नये म्हणून त्याने आईला दगडाखाली घातलं होतं, आणि गावाने मात्र त्याचं खोटं पदराखाली घातलं होतं. त्याला तोंड वर करवेना.

त्या दिवशी चबुतरा काढायला सगळं गाव आलं. दगड हलले, माती मोकळी झाली, पेटीचं झाकण निघालं. त्याने स्वतःच्या हाताने आईवर गोधडी पांघरली, वर माती लोटली आणि चिंचेचं रोप लावलं. पाणी लेकीने घातलं.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाच्या साधेपणाची लाज वाटून त्याच्यावर दगड रचले, तर खाली आपलीच लाज पुरली जाते. मातीच्या माणसाला मातीत मिसळू द्यावं, म्हणजे ते पुढच्यांच्या ओंजळीत परत येतं.