चुंदी चिचुंद्री आणि रबरी पट्टा

चुंदी चिचुंद्री दूर शहरात शिकली. शिकून गावी परत आली. येताना धूळ ओढायचं यंत्र घेऊन आली.

तिला वाटलं होतं, गावात शिरताच टाळ्या पडतील. टाळ्या नाही पडल्या. अंगावर धूळ पडली.

तिला वाटलं होतं, आई धावत येईल आणि कुशीत घेईल. आई धावत आली. पण कुशीत कशी घेणार? आ... छी! आ... छी! बिळात धूळ, कोपऱ्यात धूळ, गादीतसुद्धा धूळ. शिंकून शिंकून आईला झोप नाही.

"आई, धुळीचे दिवस संपले!" चुंदी म्हणाली. तिने बटण दाबलं.

घुर्रर्र... तट्!

यंत्र बंद. आतला रबरी पट्टा तुटला.

"छान आहे हो यंत्र," आई म्हणाली. "आवाज छान आहे. आ... छी!"

चुंदी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बोकोबांच्या दुकानात गेली.

"बोकोबा, बोकोबा, पट्टा द्या!"

"हा पट्टा आता येत नाही. नवीन यंत्र घ्या."

"पण हे नवीनच आहे!"

"मग याहून नवीन घ्या. आणि हे कॅलेंडर न्या. फुकट आहे."

तुरुतुरु तुरुतुरु. चुंदी बेडूकदादाकडे गेली. बेडूकदादा सायकलचं पंक्चर काढायचा. त्याच्याकडे जुन्या ट्यूबांचा ढीग होता.

"दादा, दादा, ट्यूबचा पट्टा दे!
यंत्र काही चालेना,
आईची शिंक थांबेना!"

"डराव! मी नाही देणार. ट्यूब कापणार कोण? खेकडेकाका कापतील, तर देईन."

"दादा, सगळ्यांनी मदत करायची असते. आम्हाला शाळेत शिकवलंय!"

"हो का? मग शाळेतूनच आण पट्टा."

तुरुतुरु तुरुतुरु. चुंदी ओढ्यावर गेली. खेकडेकाका ऊन खात बसले होते.

"काका, काका, ट्यूब कापा!
दादा पट्टा देईना,
यंत्र काही चालेना,
आईची शिंक थांबेना!"

"मी नाही कापणार. चहा प्यायल्याशिवाय माझी नांगी उघडत नाही."

"काका, आधी काम, मग चहा!"

"कुठल्या गावची गं तू? आधी चहा, मग काम!"

तुरुतुरु तुरुतुरु. चुंदी कोंबडीकाकूच्या टपरीवर गेली.

"काकू, काकू, चहा कर!
काका ट्यूब कापीना,
दादा पट्टा देईना,
यंत्र काही चालेना,
आईची शिंक थांबेना!"

"क्वॉक! मी नाही करणार. दूध कुठंय? शेळीमावशी दूध देईल, तर चहा करीन."

"बिनदुधाचा कर ना, काकू!"

"बिनदुधाचा? अगं, कुणी आजारी आहे का?"

तुरुतुरु तुरुतुरु. चुंदी गोठ्यात गेली. चालून चालून पाय दुखले. पोटात कावळे ओरडले.

"मावशी, मावशी, दूध दे!
काकू चहा करीना,
काका ट्यूब कापीना,
दादा पट्टा देईना,
यंत्र काही चालेना,
आईची शिंक थांबेना!"

"मेंऽऽ! मी नाही देणार. बघ, केवढा कचरा! आधी गोठा झाड, मग दूध देईन."

"एवढंच ना? आत्ता झाडते! माझ्याकडे यंत्र आहे!" चुंदीने उडी मारली.

उडी मारली आणि थांबली.

गोठा झाडायला यंत्र हवं. यंत्राला पट्टा हवा. पट्टा कापायला काका हवेत. काकांना चहा हवा. चहाला दूध हवं. आणि दुधाला... झाडलेला गोठा हवा!

चुंदी मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय, बाळा?" मावशी म्हणाली. "तो बघ कोपऱ्यात खराटा."

"खराटा? मी? मावशी, मी शहरात शिकलेय!"

"बरं हो. पण हात घरी ठेवून नाही ना आलीस?"

चुंदीने आपल्या हातांकडे पाहिलं. आईचं लाल लाल नाक तिला आठवलं. तिने उचलला खराटा. खर्र खर्र! खर्र खर्र! धूळ उडाली. चुंदी शिंकली. आ... छी! शेळी शिंकली. आ... छी! पण गोठा झाला लख्ख.

मग काय?

मावशीने दूध दिलं. चुळुक चुळुक!
काकूने चहा केला. खळ खळ खळ!
काका चहा प्यायले. फुर्र फुर्र!
काकांनी ट्यूब कापली. कट्!
दादाने पट्टा दिला, स्वतः बसवूनही दिला. टुक टुक!
यंत्र लागलं चालायला. घुर्रर्र! घुर्रर्र! घुर्रर्र!

कोपऱ्यातली धूळ गेली. गादीतली धूळ गेली. आईची शिंक थांबली. आईने चुंदीला कुशीत घेतलं. घट्ट घट्ट घेतलं.

दारात सगळे जमले.

"माझा पट्टा!" दादा म्हणाला.
"माझी नांगी!" काका म्हणाले.
"माझा चहा!" काकू म्हणाली.
"माझं दूध!" मावशी म्हणाली.
"मी म्हटलंच होतं, दुरुस्त होईल," बोकोबा म्हणाले.

खराट्याचं नाव कुणीच नाही काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ठक ठक! बाहेर घूसमामा उभे होते. त्यांच्या डोक्यावर मुका रेडिओ होता.

"चुंदे, हा बोलेना. याचा भाग आता येत नाही म्हणतात. टाकून देऊ का?"

चुंदीने रेडिओ पाहिला. उलटा करून पाहिला. कान लावून पाहिला. मग तिने दारात पोतं अंथरलं आणि त्यावर ऐटीत बसली.

"टाकायचं नाही, मामा. आजपासून मी रोज इथे बसणार. बसा तुम्हीपण. आधी उघडून तर बघू!"