मधोमध महाराज!

"राज्याचा मध्य शोधा! नेमका मध्य! माझा नवा महाल तिथंच उठणार!"

दुर्गसेन राजाने हुकूम सोडला आणि दरबार कामाला लागला. झालं होतं असं की, आदल्या दिवशी एक भाट म्हणाला, "महाराज, आपण या राज्याचे केंद्र आहात!" राजा खूश झाला. त्याने नकाशा मागवला आणि बघतो तर काय, त्याचा राजवाडा पार एका कोपऱ्यात! आता केंद्रच कोपऱ्यात पडलेलं कुठल्या राजाला खपेल?

मध्य शोधायला चार शास्त्री बसले. पहिला म्हणाला, "याला केंद्र म्हणावं." दुसरा म्हणाला, "छे छे, मध्य!" तिसऱ्याने नाभी काढली, तर चौथा गाभ्यावर अडून बसला. मध्य राहिला बाजूलाच, नुसत्या नावावरून आठवडाभर रण माजलं. जेवणावळी तेवढ्या एकमताने चालू होत्या. शेवटी राजा खवळला, तेव्हा चौघांनी घाईघाईने नकाशावर एक बोट टेकवलं.

ते बोट पडलं हैबती शेतकऱ्याच्या खळ्यावर. त्यातही थेट मेढीवर! मेढ म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला लाकडी खांब. त्याला बैल बांधायचे आणि कणसांवरून गोल गोल फिरवायचे, की दाणे सुटतात. राजा प्रधानजी, शास्त्री आणि सगळा लवाजमा घेऊन पोचला, तेव्हा हैबतीची मुलगी मथी बैल हाकत होती. वर्षाची सगळी ज्वारी खळ्यात पसरलेली होती.

"खांब उपटा! उद्या पाया खणायचा!" राजा गरजला. शिपायांनी बैल सोडवून मेढ उपटलीसुद्धा.

हैबतीच्या तोंडचं पाणी पळालं. दाणे अजून कणसातच होते. ते महालाच्या पायाखाली गेले, तर वर्षभर खायचं काय? तो हात जोडून नुसता उभा राहिला. मथीला मात्र असा राग आला, की बैलांवरची काठी भलतीकडेच पडेल की काय असं तिला वाटून गेलं! काठी खाली टेकवून ती पुढे झाली.

"महाराज, आधी जोडे काढा. खळ्यात जोडे घालून येत नाहीत."

"अगं मथे, गप बस!" हैबती पुटपुटला.

राजाने कुरकुरत जोडे काढले. "पोरी, जीभ फार चालते तुझी! मग ऐक. याहून चांगला मध्य सूर्य बुडायच्या आत दाखव. दाखवलास तर खळं तुझं, नाहीतर माझं!"

शास्त्र्यांना हसू फुटलं. राज्याचे मध्य काय बाजारात मिळतात?

मथीने राजाकडे नीट पाहिलं. या माणसाला जागा नकोच आहे, तिच्या मनात आलं. याला सगळ्यांच्या मधोमध उभं राहायची हौस आहे. मग होऊ दे की हौस!

"दाखवते की! पण आधी हा मध्य तरी पारखून घ्या, महाराज. मेढ उपटलीच आहे, तर तिच्या जागी आपण उभे राहा. सगळं जग आपल्याभोवती कसं फिरतं, ते बघा तरी!"

राजाला ही कल्पना भलतीच आवडली. तो छाती काढून मधोमध उभा राहिला. मेढीला दाव्याचा फास सैल ठेवतात, म्हणजे तो बैलांबरोबर फिरतो. पण प्रधानजी पडले मोठे माणूस! "महाराजांच्या कमरेला सैल गाठ? शोभेल का?" असं म्हणत त्यांनी चांगली करकचून गाठ मारली. मथीने ते पाहिलं आणि काठी उचलली.

"हैक!" बैल निघाले.

"वा! सगळे माझ्याभोवती!" राजा हरखला.

पुढच्या फेऱ्याला नाकातोंडात भुसकट गेलं. दावं कमरेला गुंडाळत चाललं, तसतसे बैल जवळ येऊ लागले. एका शेपटीने मुकुट वाकडा केला.

"अगं, थांबव! मला पाणी हवंय!"

"मेढीला कुठलं आलंय पाणी, महाराज?"

"मी जरा सावलीत जातो!"

"असं कसं? मेढ हलली तर मध्य हलला! आता आपण इथंच. ऊन, वारा, भुसकट, सगळं इथंच!"

"मग मीच गोल फिरतो, म्हणजे दावं तरी सुटेल!"

"मध्य म्हणवतो आणि स्वतःच गरगरतो? शास्त्रीबुवा, हे कुठल्या शास्त्रात बसतं हो?"

चौघेही आभाळाकडे बघू लागले. राजाचं डोकं फिरलं. बैलाच्या शिंगाशी नाक टेकलेलं असताना तो ओरडला, "खड्ड्यात गेली ती मेढ! अगं, मी राजा आहे! मी जिथं जाईन, तिथं राज्याचा मध्य! त्याने माझ्यामागून यायचं, मी त्याच्यामागून नाही!"

मथीने बैल थांबवले.

"सापडला, महाराज! हाच तो चांगला मध्य! सूर्य अजून डोक्यावर आहे. आपण जाल तिथं तो येणारच असेल, तर त्याला राजवाड्यात घेऊन जा की! आमच्या खळ्यात कशाला टाकून जाता?"

प्रधानजींनी डोळे मिटून घेतले. आणि दाव्यात गुंडाळलेला, भुसकटाने माखलेला राजा खो-खो हसत सुटला! इतका हसला, की बैल बिचकून मागे सरले.

"सोडवा रे मला! मेढ पुन्हा रोवा! पोरी, खळं तुझंच, आणि शेतसारा कायमचा माफ! आणखी काय हवं? माग!"

"मला काही नको, महाराज. पण माझ्या बैलांचं तेवढं बघा. आपल्याभोवती नुसतं गोल फिरलं, तर दरबारात लोकांना जहागिऱ्या मिळतात. माझ्या बैलांना निदान पोतंभर सरकी तरी मिळू द्या!"

प्रधानजींचा चेहरा पडला. राजा मात्र पोट धरून हसत राहिला, आणि संध्याकाळी हैबतीच्या दारात सरकीची गाडी उभी राहिली.