विसाव्याचं अक्षर

फार पूर्वी चीन देशातल्या एका पाठशाळेत एक नवा कुंचला अक्षरं शिकत होता. त्या दिवशीचं अक्षर होतं 休, म्हणजे विसावा. डावीकडे माणूस काढायचा, उजवीकडे झाड. माणूस झाडाला टेकला की झाला विसावा.

पण कुंचल्याचं झाड दर वेळी कलायचं. "मावशी, आणखी शाई!" तो म्हणायचा, आणि शाईची म्हातारी कांडी मुकाट्याने ओल्या दगडावर अंग घासून शाई करून द्यायची. वर्षभर पुरणारी ती कांडी दुपारपर्यंत बोटाच्या पेराएवढी उरली.

शेवटी अक्षर साधलं. नव्याची हौस दांडगी! "बघ मावशी, कसं जमलं! आता असंच शंभरदा काढतो. ऊठ ना!"

कांडी उठायला गेली आणि तिथेच कोलमडली. "छान आलंय रे बाळा," ती धापा टाकत म्हणाली. "अक्षर लिहायला शिकलास. ते वापरायला कधी शिकशील?"

कुंचल्याने अक्षराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याची दांडी लाकडाचीच होती. शाई न मागता तो हळूच तिच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला.

"टेक, मावशी."

कांडी टेकली. या वेळी झाड जराही कललं नाही.