धुक्यातून परतलेला दगड

फार फार जुन्या काळी, डोंगरांमधून वाहणाऱ्या एका रुंद नदीच्या काठी एक राज्य होतं. राज्याची निम्मी माणसं अलीकडच्या तीरावर राहत, निम्मी पलीकडच्या. बाजार, सोयरिकी, जत्रा, सगळं नावेतूनच चाले. नदी ओलांडायला जागा मात्र एकच होती. बाकी सगळीकडे उभे कडे.

आणि नेमक्या त्याच जागी, नदीच्या मध्यावर, एक धुक्याचा गोळा बसलेला असे. ऊन पडो, वारा सुटो, तो हलत नसे की विरत नसे. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी कधी एक नाव आत शिरली होती, ती नाळ, म्हणजे पुढचं टोक, फोडून घेऊन परत आली. तेवढंच लोकांना माहीत.

राज्यात एक आचार्य होते. मोठे विद्वान, थापाडे मुळीच नव्हते. त्या फुटक्या नावेवरून त्यांनी विचार केला आणि सांगितलं, की धुक्यात दलदलीचं बेट असणार. लव्हाळ्यांनी गच्च भरलेलं, आणि रव्याच्या लाडवात बेदाणे असावेत तसे त्यात जागोजागी खडक. त्या बेटाची एक प्रतिकृती त्यांनी घडवून घेतली. राजाने ती दरबारात मांडली. पुढे पुढे तर लोक तिला फुलं वाहू लागले. धुक्यात नाव घालायला राजाने बंदी केली.

मग नावा धुक्याला वळसा घालून जाऊ लागल्या. त्या वाटेवर एक भोवरा होता. दर पावसाळ्यात तो एखादी नाव गिळायचाच. लोक म्हणायचे, नदीचा भोग आहे, द्यावा लागतो.

आचार्यांची सगळ्यांत हुशार शिष्या म्हणजे चारुमती. दरबारातल्या त्या प्रतिकृतीतले खडक तिनेच आपल्या हातांनी बसवले होते. एका वर्षी पलीकडच्या तीराकडे निघालेलं वऱ्हाड भोवऱ्यात गेलं. त्यात तिची थोरली बहीण होती.

सुतक फिटल्यावर ती आचार्यांसमोर जाऊन बसली. धुक्यात काय आहे ते आपण पुन्हा एकदा तपासू या, असं म्हणाली. आचार्यांनी तिला प्रेमाने समजावलं. दुःखात माणसाला नको त्या वाटा दिसतात, असं सांगितलं. ती हलेना, तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"जे डोळ्यांना दिसत नाही ते बुद्धीने पाहावं लागतं. ते मी पाहिलं आहे."

"मग एकदा दगडांनीही पाहू, आचार्य," चारुमती म्हणाली. "दगडांना कुणाची भीड नसते."

आचार्यांनी परवानगी दिली नाही. तिने ती पुन्हा मागितलीही नाही. राजाची बंदी नावांना होती, दगडांना नव्हती.

जोंधळ्याच्या शेतात पाखरं राखणाऱ्या बायकांना तिने गोळा केलं. गोफण चालवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. धुक्याच्या अलीकडे नावा नांगरून त्या उभ्या राहिल्या. पलीकडे दुसऱ्या नावांवर तिने पांढरं कापड ताणून बांधलं. दगड ओल्या गेरूत बुडवायचे आणि पाण्याला लागून सपाट फेकायचे, म्हणजे कापडावर जिथे आदळतील तिथे तांबडा ठिपका उमटेल. दलदल असेल, तर लव्हाळ्यात सगळेच अडकतील आणि कापड कोरंच राहील.

गोफणी फिरू लागल्या. थोड्याच वेळात पलीकडून हाका आल्या. कापडावर ठिपके पडत होते, आणि जवळजवळ सगळे अगदी समोरासमोर, जणू वाटेत काही नव्हतंच. काही थोडे दगड बाजूला वळून कडेला पडले होते.

आणि मग एक दगड धुक्यातून उलटा आला आणि ज्या नावेवरून सुटला होता तिच्याच काठावर खणकन आपटला.

बायका घाबरून खाली बसल्या. चारुमती मात्र तो गेरूने माखलेला दगड हातात घेऊन उभीच राहिली. तिच्या मनात आलं, दलदलीत गेलेला दगड परत फिरत नाही. आत काहीतरी कठीण आहे. आणि इतके दगड आरपार गेले, म्हणजे ते अगदी लहान आहे. बाकी सगळी मोकळी जागा.

दिवसभर त्या फेकत राहिल्या. परतणारे दगड मोजकेच होते. पण कुठून सुटला आणि कुठे परतला, याच्या रेघा तिने वाळूत ओढल्या तेव्हा सगळ्या रेघा धुक्याच्या मधोमध एकाच ठिकाणी जाऊन भिडल्या.

ही गोष्ट दरबारात पोचली तेव्हा राजा संतापला. आचार्यांच्या विद्येवर दगड मारतेस का, असं त्याने विचारलं. काहींनी तिला हद्दपार करा असं सुचवलं. चारुमती म्हणाली, "हद्दपारच करायचं असेल, महाराज, तर धुक्यातून करा. मी नाव घेऊन आत जाते. खोटी ठरले तर शिक्षा आपोआप होईल."

राजाने तेवढ्यापुरती बंदी उठवली. दोन्ही तीरांवर माणसं जमली. तिने नाव धुक्यात घातली. आत वल्ह्याला ना चिखल लागला ना लव्हाळं. नुसतं खोल, शांत पाणी. मध्यावर आल्यावर तिने वेग कमी केला, हात पुढे धरला, आणि थंडगार खडक बोटांना लागला. त्याला बगल देऊन ती पलीकडच्या उन्हात बाहेर पडली. तिथे मात्र तिला हुंदका आवरला नाही. एवढी मोकळी वाट होती, आणि तिची बहीण भोवऱ्याच्या वाटेने गेली होती.

ती परतली तेव्हा आचार्य घाटाच्या शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभे होते.

"केवढा आहे गं खडक?" त्यांनी विचारलं.

"एका बैलगाडीएवढा, आचार्य."

"एवढाच?" ते म्हणाले. मग दरबारात गेले आणि आपली प्रतिकृती त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलून बाहेर नेली.

आता राजाला हर्ष झाला. चारुमतीने सांगितलेलं रूप पंचधातूत ओतून दरबारात बसवायचं, आणि यापुढे त्याविरुद्ध कुणी ब्र काढायचा नाही, असा हुकूम त्याने काढला. चारुमतीने हात जोडले, पण मान तुकवली नाही.

"नको, महाराज. मी खडकाला हात लावला, पण धुकं अजून तसंच आहे. उद्या कुणाला आत आणखी काही सापडलं, तर त्याला माझ्या पुतळ्याशी भांडावं लागू नये."

राजाला हा अपमान वाटला. धुक्यातली वाट त्याने नावांना मोकळी केली, पण राजपंडिताची गादी तिला मिळाली नाही. ती घाटावर राहिली, ओल्या मातीची प्रतिकृती करून शिष्यांना शिकवत.

बऱ्याच वर्षांनी मंदार नावाचा तिचा एक शिष्य तिच्याकडे आला. त्याने बारीक गोट्यांनी पुन्हा गोफणी चालवल्या होत्या. तो म्हणाला, "माई, तुमचा खडक एक नाही. दोन आहेत, अगदी चिकटून. मधल्या फटीत पाणी ओढलं जातं, म्हणून जड नावा तिकडे खेचल्या जातात."

चारुमतीला राग आला. ती त्याच्याशी दिवसभर वाद घालत राहिली. त्याचे ठिपके पाहिले, रेघा पुन्हा ओढायला लावल्या. सकाळी शिष्य आले तेव्हा ती मातीवर पाणी शिंपडत होती. आपला खडक तिने मधोमध चिरला आणि दोन्ही तुकडे अंगठ्याने नीट गोल केले. त्या दिवसापासून जड नावा खडकांपासून दूर ठेवून हाकल्या जाऊ लागल्या, आणि त्या पाण्यात पुन्हा एकही नाव बुडाली नाही.

लहानथोर मंडळींनो, ज्याची सारी सृष्टी बनली आहे तो अणूही असाच नजरेआड बसलेला. त्याचा शोध घेणाऱ्यांनी त्याच्यावर आणखी बारीक कण सोडले, परत फिरलेल्यांवरून त्याचं इवलंसं कठीण केंद्र ओळखलं, आणि त्याचं चित्र पुनःपुन्हा पुसून नव्याने काढलं.

तात्पर्य: न दिसणाऱ्याचं चित्र जरूर काढावं, पण ते खोटं ठरवायला येणाऱ्याची वाट कधी अडवू नये.