खिळ्याएवढी फट

फळ्या अजून बोलत होत्या त्या काळची गोष्ट. धोंडू मेस्त्री परसात लाकडी ओटा बांधत होते. दोन फळ्यांमध्ये ते खिळा धरायचे आणि तेवढीच फट सोडायचे.

“आमच्यात फट पाडू नका हं!” दोन फळ्या कुरकुरल्या. “आम्ही एकाच झाडाच्या. लोक म्हणतील, बहिणींचं पटत नाही!”

मेस्त्री मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी दोघींना अगदी खेटून ठोकलं.

पावसाळ्यात सगळ्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या. बाकीच्या आपापल्या फटीत ऐसपैस सामावल्या. या दोघी मात्र एकमेकींना रेटू लागल्या.

“सरक गं!”

“तूच सरक!”

रेटारेटीत दोघी वर उचलल्या गेल्या. येणारा-जाणारा त्यांना ठेचकाळू लागला.

शेवटी मेस्त्री हातोडी घेऊन आले. दोघी एका सुरात म्हणाल्या, “लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मेस्त्री. खिळा जरा जाडच घ्या!”