सोन्याचे नाल

एका राज्यात खडकवाटी जातीचे ऐंशी घोडे होते, आणि त्यांच्यापुढे तिथला राजा अगदीच हलक्या प्रतीचा होता. दरबारात हे कोणी बोलले नाही, म्हणून इथे सांगावे लागते.

पाठ आखूड, छाती रुंद, खूर काळे आणि टणक. सकाळी शेत नांगरावे, दुपारी घाटातून धान्याची पोती आणावीत, आणि शत्रू सीमेवर आला तर त्याच पाठीवर खोगीर चढवून रणात उतरावे. अशा जनावराला लागते ते काय? रोज खरारा, भिजवलेल्या हरभऱ्यांचा तोबरा आणि खुरातले खडे काढणारा हात. तो हात पागेतल्या घोड्यांची निगा राखणाऱ्या हौसाई मोतद्दारणीचा. पागेचा जुना रिवाज असा होता, की जो घोड्यावर बसेल त्याने आधी वाकून त्याचे चारही खूर स्वतः साफ करावेत. राजाचे आजे-पणजे वाकले होते. राजा चित्ररथ म्हणाला, "मुकुट घालून घोड्याच्या पायाशी बसायचे?" आणि रिवाज बंद पडला.

मग त्याला घोड्यांचा मान वाढवायची हुक्की आली. खापरनाथ नावाच्या मायावीच्या टेकडीवर शापित सोने पुरलेले होते. राजाने ते उकरून आणले आणि मिरवणुकीसाठी त्याचे नाल घडवले.

हौसाई म्हणाली, "महाराज, सोने मऊ. खडकावर चालणाऱ्या जनावराला लोखंड हवे."

राजा नुसता हसला. एकोणऐंशी घोड्यांना सोन्याचे नाल ठोकले गेले. कस्तुरी नावाची घोडी एका डोळ्याने अधू, ती मिरवणुकीत शोभणार नाही म्हणून तेवढी वगळली.

शेवटचा खिळा बसला आणि नालांना मुळे फुटली. ती सरळ जमिनीत उतरली. घोडे श्वास घेत होते, डोळे फिरवत होते, पण एकालाही पाऊल उचलता येईना. राजाने त्यांना चाबकाने फोडून काढले. एवढे करूनही ते हलले नाहीत, तेव्हा फर्मान काढले, "घोडे माजले आहेत. उद्या सूर्य मावळेपर्यंत चालले नाहीत, तर पाय तोडून सोने परत घ्या."

हौसाईच्या अंगाची लाही लाही झाली. यांतले निम्मे घोडे तिच्या हातात जन्मले होते. चूक करावी राजाने आणि पाय जावेत घोड्यांचे, हा कुठला न्याय?

कस्तुरीच्या पाठीवर एक कोतवाल पक्षी बसला होता. तो म्हणाला, "संतापून काय होणार, हौसाई? ज्याचे सोने, त्याला जाऊन विचार."

"जाते. पण संताप इथे ठेवून जाणार नाही," हौसाई म्हणाली.

पहाट फुटताच ती कस्तुरीवर बसून टेकडीवर पोचली. खापरनाथ दगडावर बसून होता. तो म्हणाला, "उतारा सांगेन, पण आधी तीन कामे कर. त्यांना तीन जातींची जनावरे लागतील. तुझ्याजवळ एकच आहे, तेही अधू."

"एक पुरे. ही खडकवाटी आहे."

पहिले काम, टेकडीचा दगडाळ उतार नांगरायचा. कस्तुरीने तो नांगरला. दुसरे, तेलाने काठोकाठ भरलेली बारा मडकी नदीपार न्यायची. ती घेऊन घोडी पाऊल चाचपत गेली आणि थेंबही सांडला नाही. तिसरे, पेटलेल्या खिंडीतून आरपार जायचे. हौसाई कानाशी बोलत राहिली, आणि अधू डोळ्याच्या बाजूला आग असूनही कस्तुरी थेट निघून गेली. प्रत्येक कामानंतर हौसाई मात्र थांबत होती. गवताच्या मुठीने घोडीचे अंग चोळायचे, घाम वाळेपर्यंत तिला हळूहळू फिरवायचे आणि मगच पाणी दाखवायचे.

खापरनाथ म्हणाला, "सूर्य ढळतो आहे आणि तू वेळ दवडतेस?"

"तापलेल्या घोडीला तसेच गार पाणी पाजले तर तिचे पोट धरते. तुमच्या शापापेक्षा मला त्याची भीती जास्त."

मायावीने मान डोलावली. "मग ऐक. ज्याच्या हुकमाने नाल ठोकले, त्यानेच वाकून ते स्वतःच्या हाताने काढावेत. दुसऱ्याचा हात लागला तर मुळे आणखी खोल जातील."

ती परतली तेव्हा सूर्य टेकायला आला होता आणि पागेत कुऱ्हाडी निघाल्या होत्या. हौसाईने कस्तुरी मध्ये घातली आणि खापरनाथाचा निरोप सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितला.

"मी घोड्यापुढे वाकणार नाही," राजा म्हणाला. "तोडा पाय."

"या घोड्याने तुम्हाला लढाईतून जिवंत आणले, महाराज," हौसाई समोरच्या घोड्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तेव्हा त्याने तुमचा मुकुट पाहिला नव्हता. लाज वाटू द्या."

कुऱ्हाडवाल्यांची शेते याच घोड्यांनी नांगरली होती. त्यांनी एकेक करून कुऱ्हाडी राजाच्या पायाशी ठेवल्या आणि ते मागे सरले. आता तिथे राजाच्या बाजूने कोणी उरले नाही.

राजाने मुकुट काढला. गुडघे टेकून त्याने घोड्याचा पाय मांडीवर घेतला. मऊ नाल त्याच्या हातात निघून आला, मुळे राख झाली, आणि आतला खडा काढताच घोड्याने सुस्कारा टाकला.

"माझे चुकले," म्हणत राजा उठू लागला.

"बसा, महाराज," हौसाई म्हणाली. "याचेच तीन पाय राहिलेत. आणि मागे अठ्ठ्याहत्तर घोडे उभे आहेत."

शेवटचा नाल निघाला तेव्हा उजाडले होते. सोने टेकडीवर परत गेले, खुरांना लोखंड लागले. त्या राज्यात तेव्हापासून राजा ओळखायचा तो गुडघ्यावरच्या धुळीने.